सानुग्रह

साबणाच्या वडीएवढा मातीचा तुकडा. ओला असताना त्यावर टोकदार काडीने अक्षरे उठवायची, कडेला शिक्का दाबायचा आणि कोठाराकडे रवाना करायचा. इराणमधल्या पर्सेपोलिसच्या तटबंदीत १९३३ साली उत्खनन चालू असताना अशा हजारो पाट्या आणि त्यांचे तुकडे हाती लागले. भाषा बहुतांशी एलामी. काळ इराणी सम्राट पहिल्या दारयवौषाचा, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाची अखेर आणि पाचव्याची सुरुवात. राजाचे पराक्रम त्यांत नाहीत. कामकऱ्यांच्या कुठल्या टोळीला किती जव दिले, कुठल्या वाटसरूला किती पीठ, कोणाला किती दारू, असा शिध्याचा हिशेब आहे. आपल्याकडे मोडी रुमालांत पेशव्यांच्या कोठीचा जमाखर्च सापडतो, त्याच जातीचा. वाचून घेण्यासाठी म्हणून इराणने या पाट्या शिकागो विद्यापीठाच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटला उसन्या दिल्या. वाचता वाचता सत्तर-ऐंशी वर्षे गेली.

एकविसाव्या शतकात या पाट्यांवर जप्तीची वेळ आली होती. त्याचे कारण पर्सेपोलिसपासून फार दूर घडले होते. ४ सप्टेंबर १९९७ रोजी जेरुसलेममधल्या बेन येहुदा रस्त्यावर, माणसे चहाकॉफी घेत बसतात अशा जागी, हमासच्या आत्मघातकी हल्लेखोरांनी स्फोट घडवले. जखमींत काही अमेरिकी नागरिक होते. हमासला पाठबळ इराणचे आहे, तेव्हा भरपाई इराणनेच द्यावी, असा दावा त्यांनी वॉशिंग्टनच्या न्यायालयात लावला. इराण हजर झाला नाही. २००३ मध्ये ७ कोटी १५ लाख डॉलरचा एकतर्फी हुकूमनामा झाला. तो वसूल करायचा कुठून? अमेरिकेच्या भूमीवर इराणच्या मालकीचे, हाताला लागेल असे फार थोडे होते. शोधता शोधता वकिलांची नजर शिकागोतल्या मातीवर पडली.

हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी त्याला हुकूमनामा मिळाला की सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये म्हणून ठेवले आहे. दरखास्तीच्या तारखांना कंटाळलेले आपले वकील ते अजून ऐकवतात. त्यात हिंदुस्थानचे नाव विनाकारण आले, असे आता वाटते.

हा खटला मी प्रथम वाचला तेव्हा मन सरळ पाट्यांच्या बाजूने गेले. अडीच हजार वर्षांचा ठेवा लिलावात काढून त्याचे डॉलर करायचे, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी. मग दुसऱ्या बाजूचे कागद वाचले. अंगात लोखंडाचे तुकडे घेऊन जगणारा माणूस न्यायालयात जातो, कायदा त्याला म्हणतो की तुझे खरे आहे, हे घे कागदावर, आणि मग प्रत्येक दारावर त्याला सांगितले जाते की ही वस्तू नाही, ती वस्तू नाही, तेही नाही. त्याने कोणत्या वस्तूकडे बोट दाखवायचे? २१ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने पाट्या वाचवल्या. निकाल बरोबरच होता. वादी मात्र ज्या कायद्याच्या भरवशावर आले होते त्याने त्यांना नेमके काय दिले होते, हा प्रश्न तसाच राहिला. मला लिहायचे आहे ते त्या प्रश्नाबद्दल.

मुळात परक्या राज्यावर दावा का लावता येत नाही? याचे जे उत्तर अमेरिकी कायद्यात मूळ मानले जाते ते एका जहाजाच्या गोष्टीतून आले. एक्स्चेंज नावाचे व्यापारी गलबत १८०९ मध्ये बाल्टिमोरहून स्पेनकडे निघाले. वाटेत नेपोलियनच्या हुकमाने ते पकडले गेले, त्याचे नाव बदलले आणि ते फ्रेंच आरमारात सामील झाले. पुढे वादळाच्या तडाख्यात सापडून हेच गलबत फिलाडेल्फियाच्या बंदरात आले. मूळ मालकांनी ते ओळखले आणि न्यायालयात धाव घेतली. आपली वस्तू, आपले बंदर, आपले न्यायालय! तरी १८१२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी त्यांना परत पाठवले. त्यांची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपल्या हद्दीत प्रत्येक राष्ट्राची सत्ता पूर्ण असते, असे ते आधी म्हणतात. मग म्हणतात की राष्ट्रे एकमेकांच्या राजांबाबत, वकिलातींबाबत आणि युद्धनौकांबाबत ही सत्ता आपण होऊन आवरती घेतात. म्हणजे परक्या राज्याचे कवच हा त्याचा हक्क नाही, यजमानाने दाखवलेली कृपा आणि सौजन्य आहे. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी त्याच न्यायालयाने याच शब्दांत ते पुन्हा सांगितले.

एका राजाने दुसऱ्यावर केलेली ही कृपा. तिची किंमत दोघांपैकी कोणीच दिली नाही. दिली ती गलबताच्या मालकांनी.

हे कवच किती लवचिक असते, ते बडोद्याच्या गादीइतके चांगले क्वचितच कुठे दिसेल. १८७५ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. आयोगावर ग्वाल्हेरचे शिंदे आणि जयपूरचे महाराज बसले होते, दिनकरराव होते, इंग्रज अधिकारी होते. मते समसमान फुटली. हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध वाटला नाही. तरी मल्हाररावांना पदच्युत केले गेलेच. कोणी म्हणाले नाही की हा राजा आहे, याला जाब विचारता येत नाही. त्यानंतर त्याच गादीवर आलेल्या सयाजीरावांना लंडनमधल्या एका घटस्फोटाच्या दाव्यात कोणा पतीने सहप्रतिवादी केले. हा खटला १९१२ च्या लॉ रिपोर्टांत आहे. न्यायाधीशांनी इंडिया ऑफिसकडे विचारणा केली, हे गृहस्थ राजे आहेत का? उत्तर आले, आहेत. महाराजांचे नाव दाव्यातून वगळले गेले. आरोप खरा होता की खोटा याची चौकशी झालीच नाही, त्यामुळे त्यावर आपण बोलण्यात अर्थ नाही. गादी तीच. एकदा तिला कवच नव्हते, एकदा होते. आहे की नाही हे सांगणारा कारकून मात्र दोन्ही वेळा त्याच सरकारचा.

तंजावरची गोष्ट याहून जवळची आणि जास्त दुखरी. १८५५ मध्ये तिथले मराठे राजे शिवाजी भोसले निपुत्रिक वारले. कंपनीने राज्य खालसा केले आणि त्याबरोबर राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात कंपनी सरकारवर फिर्याद लावली आणि जिंकली. राज्य गेले ते गेले, पण घरातले जडजवाहीर, जमिनी, वस्तू कोणत्या कायद्याने नेल्या, हा साधा प्रश्न होता. सरकारने अपील केले. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या वतीने लॉर्ड किंग्सडाउन यांनी निर्णय दिला की ही एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या सत्तेबाबत केलेली राजकीय कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याचा अधिकार देशातल्या न्यायालयाला नाही. विधवा हरली. त्यानंतर तीन वर्षांनी सरकारने ती मालमत्ता राण्यांना परत दिली. हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

आपल्या मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयांत या प्रकाराला एक शब्द आहे: सानुग्रह. पूर आला, घर पडले, बसखाली माणूस गेला की सानुग्रह अनुदान मिळते. पैसे खरे असतात, उपयोगी असतात, पण कोणी चुकले असे त्यात कुठेही लिहिलेले नसते. जुन्या मराठीत मुंडकट असा एक रोखठोक शब्द होता. चाकरीत किंवा गावासाठी ज्याचे मुंडके उडाले त्याच्या घरच्यांना लावून दिलेली जमीन किंवा नेमणूक. त्या शब्दात निदान मुंडके होते.

अमेरिकेने १९९६ मध्ये जे केले ते या कवचाला पाडलेले भोक होते. १९७६ च्या कायद्याने परक्या राज्यांचे कवच व्यापारी व्यवहारांपुरते आधीच सैल केले होते. राज्य दुकान मांडून बसले तर त्याच्यावर दुकानदारासारखा दावा लावता येत होता. परदेशात माणूस मारला तर मात्र नाही. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडच्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचे विमान स्फोटाने कोसळले, २७० माणसे गेली, त्यांतली ११ जमिनीवरच्या घरांतली. त्या कुटुंबांचा लिबियाविरुद्धचा पहिला दावा याच भिंतीवर आपटून फुटला. या कुटुंबांनी वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षे खेटे घातले. शेवटी त्यांना हवे ते कलम एका भलत्याच कायद्यात बसवले गेले. ओक्लाहोमा सिटीत एका अमेरिकी माणसानेच केलेल्या बॉम्बस्फोटाच्या लाटेवर तो कायदा संमत झाला होता आणि फाशीच्या कैद्यांचा दाद मागण्याचा मार्गही त्याच कायद्याने अरुंद केला होता. एकाच कागदाने एका फिर्यादीला दार उघडून दिले आणि दुसऱ्याच्या तोंडावर ते ओढून घेतले. संसदीय कामकाजाची ही चाल आपल्याला अनोळखी नाही.

त्या कलमाला एक अट होती आणि सगळे तिथेच अडले. दावा कोणत्याही राज्यावर लावता येत नव्हता. परराष्ट्र खात्याने ज्यांना दहशतवादाचे पुरस्कर्ते म्हणून यादीत घातले असेल त्यांच्यावरच लावता येत होता. ही यादी १९७९ पासूनची, आणि मुळात निर्यातबंदीसाठी केलेली. तिच्यात देश जातात आणि येतात. इराक एकदा निघाला, कुवेतवर चालून गेल्यावर परत आला, सद्दाम गेल्यावर पुन्हा निघाला. उत्तर कोरिया २००८ मध्ये निघाला, २०१७ मध्ये परतला. क्यूबा २०१५ मध्ये सुटला, २०२१ मध्ये अडकला. यांतल्या बहुतेक तारखांना एखादा स्फोट किंवा एखादे प्रेत जुळत नाही. जुळतात त्या वाटाघाटी.

गाझामध्ये १९९५ साली एका बसवरच्या हल्ल्यात न्यू जर्सीची वीस वर्षांची विद्यार्थिनी गेली. तिच्या वडिलांनी इराणविरुद्ध दावा लावला. १९९८ मध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी २४ कोटी ७५ लाख डॉलरचा हुकूमनामा दिला. या वडिलांनी इराणच्या बंद पडलेल्या वकिलातीच्या इमारतींवर जप्ती मागितली तेव्हा न्यायालयात त्यांच्या विरोधात कोण उभे राहिले? अमेरिकी सरकारचे वकील. कारण उघड आहे. आज वॉशिंग्टनमधली परकी वकिलात विकली तर उद्या आपली कुठे तरी विकली जाईल. सरकारचे बरोबर, बापाचेही बरोबर. पण ज्याने कायदा केला तोच प्रतिवादीच्या बाजूला उभा आहे, हे पाहताना त्या माणसाला काय वाटले असेल?

पुढे बैरूतमध्ये १९८३ साली झालेल्या स्फोटात गेलेल्या २४१ अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांसाठी न्यू यॉर्कमध्ये इराणच्या मध्यवर्ती बँकेचे १७५ कोटी डॉलर सापडले. ते मिळावेत म्हणून अमेरिकी संसदेने २०१२ मध्ये कायदा केला आणि त्या कायद्यात चक्क त्या एका खटल्याचा क्रमांक घातला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही वैध ठरवला. मग निकाल न्यायाधीशाने दिला की संसदेने, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विरोधी मतात विचारले. कुटुंबांना पैसे मिळाले याचा आनंद वाटतो. तरी रॉबर्ट्स यांचा प्रश्न पुसून टाकता येत नाही.

उलट १९९१ च्या आखाती युद्धात पकडले जाऊन बगदादच्या तुरुंगात छळ सोसलेल्या अमेरिकी सैनिकांनी इराकविरुद्ध ९५ कोटी ९० लाख डॉलरचा हुकूमनामा मिळवला, तो जुलै २००३ मध्ये. त्याच्या तीन महिने आधीच बगदाद पडले होते. आता इराक शत्रू राहिला नव्हता, तो उभारायचा होता. सरकार न्यायालयात गेले आणि वरच्या न्यायालयात हुकूमनामा रद्द झाला. त्यांचा छळ झाला होता हे कोणी नाकारले नाही.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मुंबईतून सुरू होते.

५ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे पॅन ॲमचे ७३ क्रमांकाचे विमान मुंबईहून न्यू यॉर्ककडे निघाले. कराचीत थांबले असताना विमानतळाच्या रक्षकांचा वेश केलेले चार बंदूकधारी आत शिरले. ते अबू निदाल गटाचे होते. वैमानिक वरच्या झरोक्यातून निसटले, त्यामुळे विमान उडू शकले नाही. भारतात जन्मलेला, नुकताच अमेरिकी नागरिक झालेला एक तरुण पहिल्याच काही तासांत मारला गेला. मग हल्लेखोरांनी सर्वांचे पासपोर्ट गोळा करायला सांगितले. त्यांना अमेरिकी प्रवासी निवडून काढायचे होते. नीरजा भनोत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी पासपोर्ट आसनांखाली आणि मिळेल तिथे लपवले. रात्री दिवे गेले, गोळीबार आणि हातबॉम्ब सुरू झाले, दारे उघडली गेली, माणसे पंखांवरून उड्या मारू लागली. वीसहून अधिक प्रवासी आणि कर्मचारी गेले. दोन दिवसांनी २३ वर्षांच्या होणाऱ्या नीरजाही गेल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

विमानात भारतीय प्रवासी मोठ्या संख्येने होते. २००६ मध्ये अमेरिकी आणि भारतीय वादींनी मिळून वॉशिंग्टनमध्ये लिबियाविरुद्ध दावा लावला. अबू निदाल गटाला आसरा आणि मदत लिबियाची होती, असे त्यांचे म्हणणे होते. दावा ऐकायला यायच्या आधीच वारे फिरले. लॉकरबीसाठी २७० कोटी डॉलर देण्याचे मान्य करून लिबियाने अमेरिकेशी जुळवून घ्यायला सुरुवात केली होती. ते पैसेही टप्प्याटप्प्याने होते. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध उठले की इतके, अमेरिकेचे उठले की इतके, यादीतून नाव निघाले की उरलेले. मृतांच्या नावाची रक्कम परराष्ट्रधोरणाच्या हप्त्यांनी बांधलेली होती. ऑगस्ट २००८ मध्ये दोन्ही सरकारांत सर्वंकष करार झाला. लिबियाने १५० कोटी डॉलर द्यायचे आणि त्या बदल्यात अमेरिकी न्यायालयांतले लिबियावरचे असे सगळे दावे मिटायचे. लिबियाला कवच परत मिळाले. ऑक्टोबर अखेरीस राष्ट्राध्यक्ष बुश यांचा आदेश निघाला. अमेरिकी नागरिकांचे दावे त्यांच्या सरकारने हाती घेतले आणि त्यांना अमेरिकी दावा आयोगाकडे मार्ग मिळाला. परक्या नागरिकांचे दावेही त्या कराराने संपले, पण त्यांना आयोग नव्हता आणि रक्कमही नव्हती.

एकाच रांगेत बसलेल्या दोन माणसांतल्या एकाकडे अमेरिकी पासपोर्ट होता. ५ सप्टेंबरच्या दुपारी तोच जिवावर बेतणार होता, म्हणून हवाई सेविकांनी तो लपवला. बावीस वर्षांनी मोबदला मिळाला तो त्याच पासपोर्टाला. ज्यांच्या पासपोर्टाकडे हल्लेखोरांनी पाहिलेही नाही आणि तरी जे गोळीबारात सापडले, त्यांच्या घरच्यांना सांगण्यात आले की तुमचा प्रश्न मिटला आहे. तो कोणी मिटवला? त्रिपोलीत ज्या टेबलाभोवती सही झाली तिथे त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. अमेरिकेने आपल्या माणसांचे पाहिले, याला दोष देता येत नाही. आपल्या माणसांचे त्या टेबलावर कोणी पाहायचे होते, हा प्रश्न दिल्लीने स्वतःला विचारला असता तर बरे झाले असते.

आणि नरीमन हाऊस. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कुलाब्यातल्या त्या घरात मारल्या गेलेल्या ज्यू धर्मगुरू दांपत्याच्या आप्तांनी आणि इतरांनी नोव्हेंबर २०१० मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी होते लष्कर-ए-तोयबा, पाकिस्तानची आयएसआय आणि तिचे दोन प्रमुख, तेव्हाचे अहमद शुजा पाशा व आधीचे नदीम ताज. समन्सची बातमी आली तेव्हा इकडे मुंबईत बऱ्याच जणांना वाटले की चला, जे आपल्याला जमले नाही ते ब्रुकलिनमध्ये होईल. पण पाकिस्तान त्या यादीत नाही, कधीच नव्हता. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने न्यायालयाला लेखी कळवले की आयएसआय हा पाकिस्तान राज्याचाच भाग आहे, तिला कवच आहे, आणि दोन्ही प्रमुखांनाही आहे. न्यायालयाने ते मानले. अपिलातही तेच टिकले. आयएसआय ही राज्याच्या आतली वेगळी सत्ता आहे की राज्यच, यावर पाकिस्तानात आणि बाहेर इतकी वर्षे चर्चा चालते. या एका पत्राने ती निकालात निघाली: ती राज्यच आहे, म्हणून तिला विचारता येत नाही.

बडोद्याच्या वेळी इंडिया ऑफिसने पाठवलेले उत्तर आणि हे पत्र समोरासमोर ठेवले तर शंभर वर्षांत कारकुनाची लेखणी बदलल्याचे दिसत नाही.

कॅनडाने २०१२ मध्ये असाच कायदा केला. १९८५ च्या जूनमध्ये आयर्लंडजवळ समुद्रात कोसळलेल्या एअर इंडियाच्या कनिष्क विमानातले ३२९ जण त्याच्या मागे होते, आणि म्हणून कायदा १ जानेवारी १९८५ नंतरच्या घटनांना लागू केला. तारीख कनिष्कसाठी आखली, पण यादीत देश घातले ते इराण आणि सीरिया. कनिष्कच्या कुटुंबांना त्यात विचारायला राज्यच नव्हते. तेहरानहून निघालेले युक्रेनचे विमान २०२० मध्ये इराणी क्षेपणास्त्रांनी पाडले, त्यातल्या काही कुटुंबांना मात्र ओंटारिओच्या न्यायालयात याच कायद्याखाली १० कोटी ७० लाख कॅनेडियन डॉलरचा हुकूमनामा मिळाला. वसुलीचे तेच, पहिल्या प्रकरणासारखे.

यादीची अट उडवणारा कायदा एकदाच झाला, तो २०१६ मध्ये, ९/११ च्या कुटुंबांसाठी आणि सौदी अरबस्तान डोळ्यांसमोर ठेवून. बराक ओबामा यांनी नकाराधिकार वापरला. त्यांचे म्हणणे असे की उद्या जगभरची न्यायालये आमच्या सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना बोलावतील. सिनेटने ९७ विरुद्ध १ मतांनी तो नकार झुगारला. आठ वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचा नकाराधिकार फेटाळला गेला तो हा एकदाच. ओबामांच्या भीतीला आधार होता, याविषयी मला शंका नाही. पण ती भीती जो बोलून दाखवतो त्याने आपल्याही वहीचे पान उलटून पाहावे. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकी युद्धनौका विन्सेनेसने होर्मुझजवळ इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे प्रवासी विमान पाडले. २९० माणसे गेली, त्यांत दहा भारतीयही होते. नातलग अमेरिकी न्यायालयात गेले तेव्हा दावे फेटाळले गेले, कारण लढाईतल्या लष्करी निर्णयांची झाडाझडती न्यायालय घेत नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेने ६ कोटी १८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. जबाबदारी मान्य केली नाही. रक्कम सानुग्रह होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, तो पहिला कायदा संमत झाला, ज्याने इतर राज्यांकडून हक्काने भरपाई मागता येऊ लागली.

आपल्याकडे असा कायदा नाही. आहे ते दिवाणी प्रक्रिया संहितेतले ८६ वे कलम, १९०८ पासूनचे. केंद्र सरकारच्या लेखी संमतीवाचून कोणत्याही परकीय राज्यावर भारतातल्या न्यायालयात दावा चालत नाही. ब्रिटिश काळात या कलमाच्या पदराखाली संस्थानिकही होते. म्हणजे कोल्हापूरच्या सावकाराला महाराजांवर ब्रिटिश हद्दीत दावा लावायचा तर आधी सरकारची चिठ्ठी. संस्थाने गेली, कलम राहिले. दिल्लीतल्या अल्जेरियाच्या वकिलातीच्या इमारतींची दुरुस्ती केलेल्या एका ठेकेदाराला बिलाचे पैसे मिळेनात. दाव्याला संमती द्या म्हणून त्याने केंद्राकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला, आणि या चिठ्ठीसाठी त्याला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १९८० च्या दशकातले हे प्रकरण. संमती नाकारायची तर विचार करून, कारण देऊन नाकारा, असे न्यायालयाने सरकारला बजावले. गिलावा आणि रंगकामाच्या बिलाची ही कथा. २६/११ ला सीएसटीच्या फलाटावर ज्यांनी माणूस गमावला त्यांनी पाकिस्तानवर मुंबईच्या न्यायालयात दावा लावायचे ठरवले तर त्यांच्या अर्जावर काय शेरा पडेल?

असा कायदा आपण करावा का, असे मला विचारले तर मी पटकन हो म्हणणार नाही. शत्रूच्या गैरहजेरीत त्याच्यावर हुकूमनामे काढत राहायचे आणि ते फडताळात ठेवायचे, यात न्यायापेक्षा समारंभ जास्त. यादी आपण करायची म्हटली तर तीही आपल्या परराष्ट्र खात्याच्या हातात राहील आणि मैत्रीच्या हंगामात ती आखडेल. तरी एक गोष्ट मला त्या एकतर्फी खटल्यांतही मोलाची वाटते. १९७६ च्या कायद्यानुसार प्रतिवादी आला नाही म्हणून दावा आपोआप मंजूर होत नाही. न्यायाधीशाचे समाधान होईल असा पुरावा द्यावाच लागतो. साक्षीदार येतात, तज्ज्ञ येतात, आई येऊन सांगते की मुलगा कसा होता. हे सगळे शपथेवर, लेखी, कायमचे नोंदले जाते. तंजावरच्या राणीला मद्रासमध्ये निदान तेवढे मिळाले होते. कराचीच्या भारतीय कुटुंबांना ते मिळायच्या आतच दावा संपला.

अशा खटल्यांतून हळूहळू एक दरपत्रकही तयार झाले आहे. सौदी अरबस्तानातल्या खोबर टॉवर्सच्या स्फोटात १९९६ मध्ये गेलेल्या अमेरिकी वायुसैनिकांच्या कुटुंबांच्या प्रकरणात २००६ साली जे आकडे ठरले, तेच पुढच्या निकालांत बहुधा आधार धरले जातात. मृताच्या जोडीदाराच्या दुःखासाठी ८० लाख डॉलर, आई किंवा वडिलांसाठी ५० लाख, भावंडासाठी २५ लाख. न्यायाधीशही काय करणार, कुठे तरी रेघ ओढावी लागतेच.

पर्सेपोलिसच्या पाट्यांतही असे दर आहेत. बाळंतिणीला जादा शिधा मिळे. मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. वाटसरूंच्या नोंदींत हिंदुशहून, म्हणजे सिंधूकाठच्या प्रदेशातून, राजाकडे निघालेल्या माणसांच्या टोळ्या आहेत. पुढाऱ्याला पीठ जास्त, सोबत्यांना कमी, पण प्रत्येकाच्या नावावर काहीतरी मांडलेले आहे, आणि खाली शिक्का. निकालानंतरच्या वर्षी, २०१९ मध्ये, शिकागोने त्यांतल्या १,७८३ पाट्या पेट्यांत भरून तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे पाठवल्या. जेरुसलेमच्या जखमींचा हुकूमनामा वॉशिंग्टनच्या न्यायालयात आहे तसा आहे.